रिकामी डिकी

रंगाच्या कारखान्यात त्याला सगळे थेंबे म्हणायचे. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. कुणी नळ चालू ठेवला, कुणी पंखा फिरता सोडून जेवायला गेलं, की हा लगेच मान हलवत "थेंबे थेंबे तळे साचे" म्हणायचा, त्यावरून पडलेलं नाव. आधी लोक पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि हळूहळू त्यालाही ते गोड वाटायला लागलं. आपली खोड लोकांनी लाडानं उचलून धरली की माणसाला तो गुणच वाटतो. थेंबेचं तेच झालं.

काम त्याचं प्रयोगशाळेत. गिऱ्हाईक नखाएवढा नमुना पाठवणार आणि थेंबेनं काट्यावर ग्रॅमग्रॅमनं पूड तोलून तंतोतंत तोच रंग काढून द्यायचा. पंधरा वर्षं हेच. त्यामुळे घरी आला तरी काटा डोक्यातून उतरायचा नाही. आणि गाडी घेतल्यापासून तर विचारूच नका.

गाडी लहानशीच, करड्या रंगाची, पेट्रोलवरची. पण तिची बडदास्त अशी की नव्या जावयाची व्हायची नाही. दर सोमवारी सकाळी, चाकं गार असताना, चारही टायरांतली हवा बघायची. निघताना उगाच रेस द्यायची नाही. गिअर वेळेवर वर टाकायचा, इंजिनाला ओरडायला लावायचं नाही. लांबचा सिग्नल लाल दिसला की इथूनच पाय उचलायचा, म्हणजे तिथे पोचेपर्यंत एक तर तो हिरवा होतो, नाहीतर ब्रेकला फारसं काम उरत नाही. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. बँक, औषधं, किराणा, सगळं एकाच फेरीत. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. "वाजवा, वाजवा. तुमचंच पेट्रोल जळतंय," हा आरशात बघून म्हणायचा.

आणि हे सगळं त्याला शिकवलं कुणी, तर आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी. आप्पांनी एकतीस वर्षं बस चालवली. त्यांच्या डेपोत भिंतीवर प्रत्येक ड्रायव्हरचं डिझेलचं ॲव्हरेज लागायचं, आणि आप्पांचं नाव कधी तिसऱ्याच्या खाली गेलं नाही. अठरा वर्षांचा असताना थेंबेनं त्यांना विचारलं होतं, "आप्पा, तुमचं गुपित काय?" आप्पा म्हणाले होते, "कसलं डोंबलाचं गुपित! माझ्या बसमध्ये वीस माणसं उभी असतात. त्यातल्या एकाचाही तोल जाऊ नये एवढं बघायचं. डिझेल आपोआप वाचतं." यातलं शेवटचं वाक्य तेवढं पोरानं लक्षात ठेवलं.

आता आप्पांचा बसशी संबंध उरला नव्हता. सहा महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. धरून उभं केलं तर दोन-चार पावलं टाकायचे, त्यापुढे व्हीलचेअर. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, उचलून कुठेही न्यायचं नाही, पाय लोंबकळला तर सळई हलेल आणि सगळं मुसळ केरात. तेव्हा खुर्ची म्हणजे आप्पांचे पाय. ती घडी करून गाडीच्या डिकीत ठेवलेली असायची. कुणी डिकी उघडायला लागलं की आप्पा मान वळवून बघायचे, आपली वस्तू नीट काढतायत ना म्हणून.

मग कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यात स्पर्धा आली. गाडीनं येणाऱ्या सगळ्यांनी तीन महिने टाकी फुल ते टाकी फुल हिशोब ठेवायचा, ज्याचं ॲव्हरेज सगळ्यांत चांगलं त्याचं नाव पितळी पट्टीवर कोरून कँटीनमध्ये लावायचं. थेंबेला तर आकाश ठेंगणं झालं. पहिल्या महिन्यात तो पहिला. दुसऱ्या महिन्यात स्टोअरकीपर पैलवान, जो आजवर गाडी चालवायचा की हाणायचा कळत नव्हतं, तो हसत हसत अर्ध्या किलोमीटरवर येऊन ठेपला. "थेंबेसाहेब, पट्टीवर आमचं नाव मोठं लागेल हं, जागा जास्त ठेवायला सांगा," असं तो कँटीनमधल्या आकड्यांच्या फळ्यासमोर उभा राहून म्हणाला.

त्या शनिवारी थेंबेनं घरच्या वजनकाट्यावर गाडीचं पोट रिकामं केलं. जुन्या छत्र्या, पाण्याचे कॅन, पायपुसणी, रद्दीचा गठ्ठा. स्टेपनी ठेवली, तेवढी अक्कल शाबूत होती. मग खुर्ची काट्यावर ठेवली. सतरा किलो चारशे ग्रॅम. पन्नास किलो वजन उतरलं की शेकडा एक पेट्रोल वाचतं, हा त्याचा ठोकताळा. त्यानं खुर्चीकडे बघितलं, खुर्चीनं काय बघायचं! "आप्पा रोज थोडेच बाहेर पडतात? लागेल तेव्हा ठेवू परत," असं स्वतःलाच सांगून त्यानं ती जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवली आणि वर जुनी चादर टाकली. चादर कशाला टाकली, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

"लागेल तेव्हा" काही आलं नाही. म्हणजे आलं, पण हा दर वेळी म्हणायचा, "दहा मिनिटांचं काम आहे आप्पा, तुम्ही गाडीतच बसा." बागेत गेले तेव्हा आप्पा गाडीत. बहिणीकडे गेले तेव्हा बहीणच खाली येऊन खिडकीतून बोलली. बायकोनं विचारलं, "अहो, आप्पांना खुर्चीवर का बसवत नाही?" तर म्हणाला, "तेच नको म्हणतात." आप्पा नको म्हणाले नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला कंडक्टरकाकांच्या सुनेचा फोन आला. कंडक्टरकाका म्हणजे आप्पांचे एकतीसपैकी सव्वीस वर्षांचे जोडीदार. एक पुढे स्टिअरिंगवर, एक मागे घंटीच्या दोरीपाशी. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल, एवढ्या भाषेवर दोघांनी सव्वीस वर्षं संसार केला. आप्पा त्यांना मास्तर म्हणायचे आणि ते आप्पांना पायलट. आता काकांच्या छातीत पाणी झालं होतं, नाकाला नळी, खाणं सुटलेलं. सून म्हणाली, "दोन दिवस एकच धरून बसलेत, पायलटला बोलवा म्हणून."

आप्पा कधी काही मागणारे नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी मागितलं. "रविवारी नेशील का रे? एकदा बघून येतो मास्तरला. हात हातात घ्यायचाय. बस, बाकी काही नाही."

"नेतो की! त्यात काय विचारायचं?" थेंबे म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

रविवारी सातला निघायचं, तर आप्पा पाचपासून तयार. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा सदरा, खिशात कंगवा. थेंबेनं त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, आणि पुन्हा वर गेला तो खुर्ची आणायलाच. खोटं कशाला सांगू? चादरीला हात लावला होता त्यानं. आणि तिथे उभ्या उभ्या त्याच्या डोक्यात काटा हलला. उद्या शेवटची टाकी. पैलवान पाव किलोमीटरवर. आणि आजचा नव्वद किलोमीटर जाऊन नव्वद यायचा मोकळा रस्ता, असा रस्ता पुन्हा मिळायचा नाही. काकांच्या दारात तर गाडी लागते. दारापासून खाटेपर्यंत दोन-चार पावलं आप्पा धरून टाकतील. त्यानं चादर पुन्हा नीट केली आणि मोकळ्या हातांनी खाली आला.

वर गॅलरीतून बायकोनं विचारलं, "अहो, खुर्ची घेतली ना?"

"घेतली, घेतली."

एकदा नाही, दोनदा म्हणाला मेला. आप्पांची काच खाली होती. ते समोर बघत होते.

गाडी त्या दिवशी अशी चालली की लोणी. पहिल्या चौकात आप्पांनी वळून एकदा त्याच्याकडे बघितलं. गावाबाहेर पेट्रोलपंपापाशी त्यांनी घसा खाकरला. नदीवरचा लांब पूल आला तेव्हा म्हणाले, "सगळं घेतलंयस ना रे?"

"घेतलंय की आप्पा. पाण्याची बाटली मागे आहे. देऊ?"

"नको," आप्पा म्हणाले. पुलानंतर ते फारसं बोलले नाहीत. थेंबेला वाटलं, मित्राच्या काळजीनं गप्प आहेत. उताराला गाडी लागली तसा त्याचा हात सवयीनं न्यूट्रलकडे गेला, तेवढ्यापुरते मात्र आप्पा गुरकावले, "गिअरमध्ये ठेव. उतारावर गाडी मोकळी सोडायची नाही, ताबा जातो. हजारदा सांगितलंय." बस. पुन्हा गप्प.

काकांच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि थेंबेनं ब्रेक दाबला. गल्ली खणून ठेवली होती. मधोमध सांडपाण्याच्या पाइपाचा चर, बाजूला मातीचे ढीग, आणि एका कडेनं जायला रुंद फळ्या टाकलेल्या. गाडी आत जायचा प्रश्नच नव्हता. काकांचं घर दिसत होतं समोर, निळ्या दाराचं. थेंबेनं पुढे जाऊन मोजून बघितलं. साठ पावलं.

तो परत आला तेव्हा काकांची सून धावत आली होती. "या ना, या ना. फळ्या भक्कम आहेत, खुर्ची सहज येते. परवाच बाबांचं ऑक्सिजनचं नळकांडं गाड्यावरून आणलं." आणि ती आपली सरळ डिकीकडे वळली.

थेंबेला डिकी उघडावी लागली. आत स्टेपनीवरची काळी चटई, आणि काही नाही.

"राहिली वाटतं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "काल धुवायला काढली होती. कशी राहिली कळत नाही. आप्पा, घरीच राहिली हो."

आप्पांनी सीटवरूनच मान हलवली. "असू दे."

मग सुरू झाली धावाधाव. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून नेऊ का? सुनेनं आणि त्यानं दोघांनी उचलायची? आप्पा नको म्हणाले, पाय लोंबला तर नवं दुखणं. मी जाऊन घेऊन येतो, तीन-चार तासांत परत येतो? आप्पा म्हणाले, "आणि तोवर मी गाडीशिवाय बसू कुठे? रस्त्यावर?" व्हिडिओ कॉल लावू? तर आप्पा पहिल्यांदा चिडले. "साठ पावलांवरच्या माणसाचा फोटो बघू होय रे?"

ते बोलत असतानाच एक भाजीवाला आपली हातगाडी ढकलत आला, फळ्यांवरून खडखडत गेला आणि निळ्या दारावरून पुढे निघून गेला. चार चाकं, वर ढीगभर भोपळे. तिघंही त्या गाडीकडे बघत राहिले. थेंबेला वाटलं, जमीन दुभंगावी आणि चर आहेच खणलेला, त्यात आपल्याला घ्यावं.

शेवटी साधा फोन लावला. सुनेनं आत जाऊन काकांची खाट खिडकीशी सरकवली. खिडकीतून चेहरा दिसेना, एक हात तेवढा बाहेर आला, काटकुळा, मनगटाशी पांढरी पट्टी लावलेला. तो हात हलत होता. आप्पांनी गाडीच्या खिडकीतून आपला हात बाहेर काढून हलवला.

"पायलट," फोनमधून धाप लागलेला आवाज आला. "आलास?"

"आलो रे मास्तर."

"मग आत ये की. बाहेर काय... प्रवासी घेतोयस?"

"रस्ता खणलाय. डायव्हर्जन आहे." आप्पा हसले. थेंबेला त्यांचा नुसता गाल दिसत होता, तो थरथरत होता. "पुढच्या रविवारी येतो. खुर्ची घेऊन येतो."

"हॉर्न वाजव. ऐकू दे."

आप्पांनी वाकून स्टिअरिंगच्या मधोमध तळवा दाबला. एकदाच, हलक्या हातानं. खिडकीतला हात थांबला, मग पुन्हा हलला. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मग काका म्हणाले, "दमलो रे. जा तू आता. डबल दिली. टिंग टिंग. सोड गाडी."

घरी परत येईपर्यंत आप्पा झोपल्यासारखे डोळे मिटून होते. बायकोनं दारातच विचारलं, "भेट झाली?" थेंबे म्हणाला, "झाली, म्हणजे लांबून. खुर्ची घेतली असं वाटलं मला, पण राहिली." बायकोनं जिन्याच्या वळणाकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, आणि आत गेली.

सोमवारी शेवटची टाकी भरली आणि फळ्यावर थेंबेचा आकडा चढला. आजवरचा सगळ्यांत मोठा. लोकांनी टाळ्या पिटल्या, पैलवानानं पाठीवर थाप मारली. "मानलं गड्या! काय जादू केलीस?" थेंबे हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. दुपारी प्रयोगशाळेत कुणी नसताना त्यानं कागदावर हिशोब केला. एकशेऐंशी किलोमीटर. सात लिटर आणि वर थोडं. त्याच्या शेकडा एकच्या ठोकताळ्यानं सतरा किलो चारशेचे किती? त्यानं मोजपात्र घेतलं आणि नळाखाली धरून तेवढं पाणी भरलं. पंचवीस मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना, त्यानं अडीच झाकणं.

तो ते पात्र हातात धरून कितीतरी वेळ उभा होता. एवढ्याशा पाण्यासाठी, अरे एवढ्याशासाठी! बाप हात हलवत बसला होता गाडीच्या खिडकीतून. त्याला स्वतःची अशी किळस आली की पाणी ओतून टाकायलाही हात होईना.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "मधल्या वारी जमेल का रे? बुधवारी वगैरे? रविवार लांब वाटतोय."

सांगायची वेळ ती होती. थेंबेच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शुक्रवारी साहेबांचा पट्टीचा कार्यक्रम, आणि थेंबेनं सगळ्यांसमोर बोलायचं ठरलेलं. त्या आठवड्यात रजा मागायची म्हणजे साहेबांच्या कपाळावर आठी. "रविवारी नक्की, आप्पा," तो म्हणाला. "पहाटेच निघू." रात्री त्यानं खुर्ची डिकीत नेऊन ठेवली, चाकांना तेलसुद्धा घातलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, जिन्यात कुणी बघत नाही ना ते बघून.

शुक्रवारी कँटीन गच्च भरलं होतं. पट्टी तयार होऊन आली होती, वर कापड टाकून ठेवलेली. कापड बघून थेंबेला चादर आठवली. साहेब म्हणाले, "आता आपले थेंबे आपल्याला त्यांच्या सवयी सांगतील." थेंबे उभा राहिला. टायरांतली हवा सांगितली. लांबचा सिग्नल बघून पाय उचलायचा, ते सांगितलं. वेग सारखा ठेवायचा, खिडक्या कधी लावायच्या, इंजिन कधी बंद करायचं. लोक माना डोलावत होते. एक बाई लिहूनही घेत होती.

"आणि डिकी," तो म्हणाला. "डिकीत नको असलेलं काही..."

तो तिथेच थांबला. खिशात फोन थरथरला. लोकांना वाटलं, गडी भारावला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं फोन काढून बघितलं. बायकोचा निरोप होता. कंडक्टरकाका गेले. आप्पांना सांगितलंय. ताबडतोब या.

कापड कुणी काढलं, पट्टीवर काय लिहिलं होतं, त्याला आठवत नाही.

या वेळी खुर्ची होती. गल्ली तशीच खणलेली होती, फळ्या तशाच होत्या. थेंबेनं डिकी उघडली, खुर्ची उलगडली, आप्पांना बसवलं आणि साठ पावलं ढकलत नेलं. तेल घातलेली चाकं जरासुद्धा कुरकुरली नाहीत. निळं दार उघडं होतं. काकांच्या खाटेशी खुर्ची लावली तसा आप्पांनी काकांचा हात हातात घेतला. मनगटावरची पट्टी तशीच होती. हात गार पडलेला.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "गाडी लेट झाली रे." एवढंच म्हणाले. कुणामुळे, ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर थेंबे सुटला असता.

परतीच्या वाटेवर अंधार पडायला लागला होता. मग थेंबेनं समोर बघतच सांगून टाकलं. सगळं. वजनकाटा, चादर, पैलवान, पंचवीस मिलिलिटर, बायकोला "आप्पाच नको म्हणतात" म्हणालो ते. बोलताना त्याचा आवाज फाटला, नाक वाहायला लागलं, तरी गाडीचा वेग इकडचा तिकडे झाला नाही. सवय ती सवय.

आप्पा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"खुर्ची नाही ते. मागून गाडी हलकी होती. एकतीस वर्षं बुडाखाली गाडी घेऊन बसलोय, डिकी भरलेली की रिकामी एवढं कळणार नाही होय मला? फाटकातून बाहेर पडतानाच कळलं."

"मग बोलला का नाहीत आप्पा? तिथल्या तिथे कान धरायचा माझा!"

"तू वर बघून सुनेला 'घेतली' म्हणालास. दोनदा. ती गॅलरीत उभी. तिच्यासमोर तुला खोटा पाडू?" आप्पांनी हाताची घडी घातली. "म्हटलं, आठवेल तुला. लाज वाटेल, वळवशील गाडी. वाट बघत होतो."

"कुठपर्यंत?"

समोर रस्ता वळला, नदीवरचा लांब पूल आला, दिव्यांची रांग लागली. गाडी पुलाच्या मध्यावर आली तेव्हा आप्पांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

"इथपर्यंत."

पूल ओलांडून थेंबेनं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. त्याच्यानं पुढे चालवणं होईना. स्टिअरिंगवर कपाळ टेकवून तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. इंजिन चालूच होतं. अर्धं मिनिट झालं, पाच मिनिटं झाली, पेट्रोल जळत राहिलं, आणि किल्लीकडे त्याचा हात गेला नाही.

"रागावलात?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"रागावलोय," आप्पा म्हणाले. "खूप रागावलोय. जाईल तो. पण आज नाही जायचा, उद्याही नाही. एवढं ऐकून ठेव."

थेंबेनं मान हलवली. डोळे पुसले. तरी त्याला गाडी सोडता येईना, तो नुसता समोर बघत बसला.

मग आप्पांनी हात पुढे केला आणि बोटाच्या पेरानं डॅशबोर्डवर दोनदा वाजवलं.

"चल," ते म्हणाले. "सून वाट बघत असेल."